सगळं आलंय ना यात?

तेवीस वर्षांचं काम दाबून बसवल्यावर कॉम्प्युटरनं मला सांगितलं, की त्यातलं शहात्तर टक्के नव्हतंच. म्हणजे असं तोंडानं नाही म्हणाला. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं टोकाला पोचली आणि खाली आकडे आले. आधी अडतीस जीबी, आता नऊ. बचत शहात्तर टक्के. अकरावा रोजा, सकाळचे साडेअकरा, घसा तव्यावर ठेवल्यासारखा, आणि मी त्या शहात्तरकडे बघत बसलो. ज्याच्याकडं हे पाठवायचं होतं त्या पुण्याच्या मुलाला फोन लावला. म्हणलं, बाळा, बाकीचं गेलं कुठं? तो हसला. "काहीच जात नाही काका. जे सारखं सारखं येतं ते झिप एकदाच लिहून ठेवतं. उघडलं की परत फुगतं." फुगतं म्हणे. फोन ठेवला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. सकाळी पावणेआठची कंपनीची गाडी, नागापूरचा तोच खड्डा, त्या खड्ड्यावर ड्रायव्हरची तीच शिवी, दहाचा तोच चहा, साडेबाराचा तोच डबा, खुर्चीचा तोच एक पाय आखूड. मला कुणी झिप केलं तर नऊ जीबी लांबच राहिले, पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मी मावेन. बायकोशी, सुरय्याशी झालेली भांडणं तर एकाच फाइलीत बसतील, फक्त तारीख बदलत जायची. आणि मेल्यावर कुणी उघडलंच, तर परत फुगून बसेन तेवढाच.

हे दाबायचं काम माझ्याकडे आलं ते पंकजामुळं. पंकजा म्हणजे आमच्या 'सत्यशीला टूल्स'ची आताची मालकीण. तिचे वडील गोरक्षनाथ, सगळ्यांचे नाना, यांनी एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ही कंपनी काढली आणि आपल्या आईचं नाव दिलं. आम्ही डाय बनवतो. डाय म्हणजे साचा. वर लोखंड, खाली लोखंड, मध्ये पत्रा. प्रेस खाली आली की पत्रा वाकतो आणि मोटरसायकलचा नाहीतर ट्रॅक्टरचा एखादा ब्रॅकेट बाहेर पडतो. त्या डायची ड्रॉइंगं काढणारा माणूस मी, पीरमहंमद शेख. एकतीस वर्षं कंपनीत, त्यातली तेवीस कॉम्प्युटरवर. त्याआधी बोर्डावर उभं राहून ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचो आणि अमोनियाच्या पेटीत प्रिंट काढायचो. त्या वासानं डोळ्यांतून असं पाणी यायचं, की नवीन माणसाला वाटायचं, ह्यांच्या घरात कुणीतरी गेलंय. नाना आत येऊन म्हणायचे, "काय रे पीर्‍या, रडतोयस का काम करतोयस?" मी म्हणायचो, "दोन्ही एकदम, नाना." नाना दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा मात्र अमोनिया नव्हता.

पंकजा पुण्याहून शिकून आली, शेडला पांढरा रंग दिला, दारात कुंड्या आणल्या, आणि फेब्रुवारीत मला केबिनमध्ये बोलावून म्हणाली, "पीरकाका, आपलं सगळं डिझाइन एका मशीनवर आहे. उद्या ते बंद पडलं तर?"

"आजपर्यंत तरी नाही पडलं."

"पण पडलं तर? बॅकअप पाहिजे ना. आणि पुण्याच्या डिझाइनवाल्यांना एक कॉपी द्यायचीये. शेअर करायचं फक्त."

ही पोरगी चार वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली बसून ट्रेसिंग पेपरवर मांजरं काढायची. मांजराला पाच पाय. मी म्हणायचो एक जास्त झाला, तर ती म्हणायची, तो स्पेअर आहे. तिच्या तोंडून 'फक्त' आलं तेव्हाच मला कळलं. 'फक्त' डॉक्टर म्हणतो, सुई टोचायच्या आधी. मी छप्पन वर्षांचा. अठ्ठावन्नला सुटायचं. मधली दोन वर्षं त्या झिपमध्ये बांधून मीच पुण्याला पाठवणार होतो, आणि वर विचारणार होतो, मिळाली का.

पहिला झिप मोठ्या ऐटीत पाठवला. आमच्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. पूर्ण डायची जी मोठी फाइल असते, तिच्यात डाय नसतेच. तिच्यात डायच्या सुट्या भागांचे नुसते पत्ते असतात. पंच अमक्या फोल्डरात, ब्लॉक तमक्या फोल्डरात. मी रोज माझ्याच मशीनवर उघडायचो, त्यामुळं सगळे घरातच सापडायचे. पाठवताना मी मोठ्या फाइली तेवढ्या निवडल्या, बाकीच्या चिल्लर समजून ठेवून दिल्या. दुपारी पुण्याचा फोन. "काका, आत काहीच नाहीये."

"असं कसं? एकशे चाळीस डाय आहेत."

"चौकटी आहेत एकशे चाळीस. खाली उजवीकडे तुमचं नाव आहे. मध्ये पांढरं."

मी हसलो. मग हसू तोंडातच वाळलं. डोळ्यांसमोर आलं, पुण्यात एसीत बसलेली मुलं एकामागून एक कोरे कागद उघडतायत आणि प्रत्येकावर पी. एम. शेख यांनी काढले असं लिहिलंय. रात्रंदिवस राबून माणसानं काहीच न काढणं, आणि ते इतकं नीट चौकटीत. सुरय्याला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी काय वेगळं सांगत होते?

दुसऱ्या झिपला पंकजानं पासवर्ड घालायला लावला. माल बाहेर जातोय, कुलूप पाहिजे. ऑफिसातल्या जयानं आपल्या मनानं एक लांबलचक पासवर्ड ठरवला, त्यात आकडे, चिन्हं, सगळं. विसरू नये म्हणून एका फाइलीत टाइप केला, फाइलीला 'पासवर्ड' असंच नाव दिलं, आणि कुठं हरवू नये म्हणून ती फाइल त्याच फोल्डरात नीट ठेवली. मी फोल्डर दाबला. सात तास लागले. जयानं झिपच्या बाहेर राहिलेली पासवर्डची फाइल पुसून टाकली, कारण सुरक्षितता. दुसऱ्या दिवशी सगळी कंपनी पासवर्ड आठवत बसली होती. वॉचमननंसुद्धा दोन सुचवले. त्यातला एक त्याच्या बायकोचं नाव होतं. तो लागला नाही तेव्हा त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मग तिसरा, हा नऊ जीबीवाला. हा उघडला. मुलगा रोज फोन करून नावं विचारायचा. कारण माझ्या फाइलींची नावं म्हणजे, 'फायनल', 'खरं फायनल', 'नानांनी बघितलेलं', 'यावरच काम', 'हे उघडू नये'.

"काका, 'हे उघडू नये'मध्ये काय आहे?"

"तेच शेवटचं आहे."

"मग 'फायनल'?"

"ते साहेब लोकांना दाखवायला."

बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं मुद्दाम घोळ घातलाय. मुद्दाम काहीच नव्हतं. तेवीस वर्षं हे सगळं एकट्या माझ्या डोक्यासाठी होतं, आणि माझं डोकं रोज कामावर येत होतं.

पण खरी गोम याच्याही खाली होती. ती झिपमध्ये नव्हती, मशीनवरही नव्हती. फक्त मला माहीत होती. आमचा फिटर कानिफनाथ, त्याला पण होती, पण त्याला मी कधी हिशोबात धरलंच नाही. पत्रा वाकवला की थोडा मागं येतो. माणसासारखाच, दाब काढला की जरा अंग मोकळं करतो. नव्वद अंशाचा ब्रॅकेट पाहिजे असेल तर डाय सत्त्याऐंशीची करावी लागते, पत्र्यावर अवलंबून. सतरा वर्षांपूर्वी चाकणच्या एका कस्टमरची मोठी ऑर्डर आली आणि मी घाईत डाय नव्वदचीच काढली. चूक माझी. कस्टमरच्या साहेबांनी त्यावर मंजुरीचा शिक्का मारला. आणि पहिले पन्नास ब्रॅकेट फाकून बाहेर पडले. मी ड्रॉइंग दुरुस्त करायला बसलो तर नाना म्हणाले, "कागदाला हात लावू नको. शिक्का पडलाय. परत मंजुरीला पाठवला तर सहा आठवडे बोंबलत बसू. कानिफला तोंडानं सांग." मी शेडमध्ये गेलो आणि फिटर कानिफनाथच्या कानात म्हणलं, सत्त्याऐंशी घे. ब्रॅकेट सरळ झाले. नानांनी पेढे वाटले. तेव्हापासून तीच रीत पडली. कागदावर नव्वद दिसलं की कस्टमरच्या साहेबाला बरं वाटायचं. सत्त्याऐंशी दिसलं की तो मीटिंग लावायचा. म्हणून ड्रॉइंग साहेबाला आणि माप कानिफला. चालू असलेल्या एकशे चाळीस डाय, सगळ्या त्यानंतरच्या. एकही ड्रॉइंग खरं नाही आणि एकही ब्रॅकेट वाकडा नाही. माझ्या एका चुकीवर मी सतरा वर्षं हुशार म्हणून जगलो.

कानिफनाथ पाथर्डीकडचा. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायचे आणि हा त्यांच्याबरोबर, त्यामुळं शाळा प्रत्येक वर्षी अर्धीच. ड्रॉइंग हातात दिलं तर उलटं धरायचा. धरलं तरी फरक पडायचा नाही, कारण तो कागदाकडं बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडं बघायचा. "पीरभाई, कागद ऱ्हाऊ द्या भिताडाला. तोंडानं बोला." मी बोलायचो. तो डोळे मिटून एकदा मान हलवायचा, आणि कानस चालवायला लागायचा. परत कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ऐकलं, केलं, विसरला. हातानं काम करणारा माणूस काय लक्षात ठेवतो? असं मला वाटायचं, आणि असं वाटून घेताना बरं वाटायचं, हेही खरं.

विसाव्या रोज्याला पंकजाच्या केबिनमध्ये गेलो तो हे सगळं सांगायचं ठरवून. जिभेवर होतं. म्हणणार होतो, पंकजाताई, झिप गेला पण त्यातलं एकही माप घेऊ नका, मी बसून सगळी खरी मापं लिहून देतो, दोन महिने लागतील. दोन महिने म्हणताना मनात दोन वर्षं होती, ते सोडा. पण ती आधी बोलली. टेबलावरून एक पाकीट पुढं सरकवलं. "काका, एकतीस मार्चपासून तुम्ही मोकळे. किती वर्षं राबलात. आता घरी आराम करा, नमाज, नातवंडं..."

"नातवंडं नाहीत."

"होतील ना." आणि दुसरा कागद सरकवला. "हे फक्त हँडओव्हरचं. इथं सही. सगळं आलंय ना यात?"

पुन्हा फक्त. मी कागद वाचला. कंपनीची सर्व तांत्रिक माहिती मी पूर्णपणे सुपूर्द केली असून माझ्याकडे काहीही शिल्लक नाही. रोज्यानं ओठ चिकटले होते. ते सोडवायला जो क्षण लागला, त्या क्षणात मी ठरवलं. एसीचा वारा मानेवर येत होता. तिच्या मागं नानांचा फोटो, त्यावर चंदनाचा हार, फोटोतले नाना नेहमीसारखे डावीकडं कुणाला तरी शिवी घालायच्या बेतात.

"सगळं आलंय," मी म्हणालो, आणि सही केली. इतकी सुंदर सही मी कधी केली नव्हती. आतून एक थंड, घाणेरडा आनंद वर आला, गटाराचं झाकण उघडल्यासारखा. करा म्हणलं. पुण्यात करा नव्वदच्या डाय. वाकवा. बघू किती फाकतात ते.

"गरज पडली तर हक्कानं बोलवू हं काका," ती म्हणाली. मी त्यातला फक्त 'गरज' ऐकला.

निरोपाचा कार्यक्रम दोन दिवस आधीच, दुपारी चारला झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. पंकजा म्हणाली, पीरकाका म्हणजे आमच्या कंपनीची मेमरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वडे खाल्ले. माझ्या रोज्याची आठवण वडे वाटून झाल्यावर झाली. मग जयानं चार वडे पिशवीत बांधून दिले, वर चटणी, ती शालीवर सांडली. कानिफनाथ कोपऱ्यात उभा होता, हात पुसत. माझ्या गळ्यात पडला तेव्हा ग्रीसचा वास आला. "पीरभाई," तो म्हणाला, "तुमच्या नावाला मी धक्का लागू देनार न्हाई." मी त्याच्या पाठीवर थोपटलं, मोठ्या माणसानं लहान माणसाला थोपटावं तसं. एकतीस मार्चला नोकरी संपली आणि त्याच दिवशी ईद. लोक गळ्यात पडून मुबारक म्हणायचे. कशाची ते मी विचारलं नाही.

मग मी वाट बघायला लागलो. वाट बघणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, त्यात रविवारची सुट्टीसुद्धा नाही. मोबाईल शर्टाच्या खिशात, आवाज मोठा. संडासात जाताना सुरय्याच्या हातात. एप्रिल गेला. घरात बसल्या बसल्या डोळे मापं घ्यायला लागले. दाराची चौकट एका बाजूला पाच मिलिमीटर खाली. सुरय्याच्या पोळपाटाचा एक पाय आखूड. मी सांगितलं तर ती म्हणाली, "तीस साल से रोटियां गोल आ रैं ना? फिर चुप बैठो." मी गप्प बसलो आणि डोळे मिटून पुण्याची डाय बघायला लागलो. वर लोखंड, खाली लोखंड, पत्रा वाकतो, प्रेस वर जाते, आणि पत्रा हळूच, मिजाशीत, तीन अंश मागं येतो. ब्रॅकेटांचा ढीग. चाकणचा साहेब लाल. पंकजा केबिनमध्ये डोकं धरून. कुणीतरी म्हणतं, पीरकाकांना बोलवा. मी जात नाही. मग परत बोलावतात. मग जातो, पण गाडी पाठवा म्हणतो. एका जुम्याला दुवा मागायला हात उचलले आणि माझ्या लक्षात आलं, की मी अल्लाहकडे रिजेक्शन मागतोय. सगळी मशीद मुलाबाळांसाठी, आजाऱ्यांसाठी मागत होती आणि मी पत्र्यासाठी. लाज वाटली. पण हात खाली घेतले नाहीत, मागून पूर्ण केलं.

"अजी, वो फोन क्या अंडा देने वाला है क्या?" सुरय्या म्हणायची. "कब से सेंक रैं."

फोन वाजला तो मेच्या मधल्या आठवड्यात, दुपारी. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. मी नाव बघितलं. कंपनीचा नंबर नव्हता, कानिफनाथचा होता. पण मी स्वतःला समजावलं, पंकजाला लाज वाटत असेल, म्हणून आधी त्याला फोन करायला लावला. मी चार रिंग होऊ दिल्या.

"पीरभाई!" तो ओरडला. मागं प्रेस चालली होती. ठक्क, ठक्क, न थांबता. "गेल्या म्हैन्यात पुन्याच्या डाय आल्या!"

"आल्या का." मी उठून बसलो. "मग?"

"मग काय! म्या हात लावला आन् मॅडमना म्हनलं, ह्या चालायच्या न्हाईत. ह्या कागदावरल्या हायत. पीरभाई असल्या वापरू देत न्हवते. मॅडम म्हनल्या, मग कसल्या? म्या म्हनलं, घ्या लिवून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन दिस एशीत बसवलं मला, खुर्चीवर. च्या पानी. येकशे चाळीस डाय. समदं सांगितलं पीरभाई. ट्रॅक्टरची मोठी सत्त्याऐंशी, छोटी साडेसत्त्याऐंशी, मोटरसायकलच्या पत्र्याला पंच्याऐंशी, तुमी पावसाळ्यात सांगितलं हुतं ती, आठवतं का? मॅडमनी मोबाईलात माजा आवाज भरून घेतला. पुन्याला झिप करून पाठवला म्हनं."

"सगळं कसं काय लक्षात राहिलं तुझ्या?"

"आता तुमी कानात सांगितलेलं कसं इसरन? लिवता येतंय का मला, कागदावर ठिवून मोकळं व्हायला?" तो हसला. "डाय नीट करून आल्या, आन् येक बी पीस परत न्हाई चाकनवरून. येक बी! मॅडम इचारत हुत्या, पीरकाकांनी हे सांगितलं कसं न्हाई. म्या म्हनलं, इसरले आसतील, वय झालं. तुमच्यावर काय येऊ दिलं न्हाई."

भिंतीवर कंपनीनं दिलेलं घड्याळ होतं, त्याच्याकडं बघत मी म्हणालो, "बरं केलंस." आणि दुसरं काय म्हणणार? त्यानं माझं नाव राखलं होतं. माझ्याकडं नावाशिवाय जे होतं ते सगळं वाटून टाकून राखलं होतं. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. मी राग शोधत होतो, जसा माणूस खिशात किल्ली शोधतो, हा खिसा, तो खिसा. सापडली ती वेगळीच गोष्ट. सतरा वर्षं मी एका माणसाच्या कानात बोलत होतो आणि मला वाटत होतं मी एकटाच आहे.

"आन् आयका," कानिफनाथ म्हणाला, आवाज जरा खाली आणून, जसं काही बक्षीस शेवटी सांगायचं ठेवलं होतं. "मॅडमनी मला बी सुट्टी दिली. येक तारखेपासून. म्हनल्या, कानिफमामा, लई केलं तुमी, आता गावाकडं जावा, आराम करा. लागलं तर फोन करीन म्हनल्या."

प्रेस मागं चालूच होती. ठक्क, ठक्क. प्रत्येक ठोक्याला एक सरळ ब्रॅकेट.

"करतील की फोन," तो म्हणाला. "माज्याबिगर हाय कोन त्यांना? व्हय ना पीरभाई?"

सुरय्या दारात येऊन उभी होती, हातानं विचारत होती, कोण आहे, काय म्हणतायत. सांगून टाकावं असं वाटलं. जिभेवर आलं होतं, अगदी तसंच, जसं त्या दिवशी केबिनमध्ये आलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "फोन तेवढा चार्ज करून ठेव."